कानसेनबाईंची कानतपासणी

नवऱ्याचं बोलणं ऐकू येईनासं झालं, तेव्हा बाईंनी सुरुवातीला ते फारसं मनावर घेतलं नाही. लग्न इतकं जुनं झाल्यावर नवऱ्याचं बोलणं कानाआड होतं, त्यात नवल ते काय! पण एका सकाळी ते अगदी समोर बसून काहीतरी म्हणाले आणि बाईंना नुसते ओठ हललेले दिसले. त्या दिवशी मात्र त्या घाबरल्या.

कारण बाईंचं सगळं आयुष्य कानांवर चाललं होतं.

सुरुवात झाली रेडिओच्या वृत्तविभागात. खांद्याला जडशीळ टेपरेकॉर्डर अडकवून त्या संप, पूर, उद्घाटनं, जे असेल त्याच्या मागे पळायच्या. परत आल्या की ब्लेडने फीत कापायची, चिकटपट्टीने जोडायची आणि एखाद्या मंत्र्याच्या लांबलचक भाषणातून चार कामाची वाक्यं काढायची. कधीकधी चारही निघत नसत. वृत्तसंपादक म्हणजे जमदग्नीचा अवतार. फितीवर मागे जराशी खरखर किंवा शेजारच्या खोलीतली कुजबुज आली, की ते ओरडायचे, “स्वच्छ नाही ना? मग नाहीच ते! धरायचं नाही!” हे इतक्यांदा ऐकलं की ते बाईंच्या हाडीमाशी खिळलं.

रेडिओ सोडून त्या निवडणुकांच्या प्रचारात शिरल्या, तेव्हा आई म्हणाली, “आगीतून फुफाट्यात चाललीस.” तिथे त्या उमेदवारांची भाषणं लिहून द्यायच्या आणि प्रचाराच्या गाडीवर काय वाजवायचं ते ठरवायच्या. एका उमेदवाराला दर वाक्याला खाकरायची खोड होती. बाईंनी त्याचं भाषण इतकं साफसूफ करून वाजवलं, की त्याने स्वतःच विचारलं, “हा कोण हो? छान बोलतो!” दुसऱ्या एकासाठी त्यांनी प्रचाराचं गाणं करून घेतलं. उमेदवार साफ पडला, गाणं मात्र निवडून आलं. निकालानंतर जिंकलेल्या पक्षाची माणसंही तेच गुणगुणत हिंडत होती. बाईंनी राजकारणापुरता कानाला खडा लावला आणि घराच्या मागच्या खोलीत गाण्यांचा स्टुडिओ थाटला.

तिथे त्यांचं नाव ‘कानसेनबाई’ पडलं. गाणाऱ्याचा सूर केसभर सरकला, तरी काचेपलीकडून बाईंचं बोट वर. मोठमोठे गवई त्या बोटाला टरकून असत.

आणि आता हे. एका गायिकेचा पहिला अल्बम हातात होता. पोरीने दुसरीकडचं सगळं नाकारून बाईंकडे यायचं ठरवलं होतं. गाणी गाऊन झाली होती, पण सगळे आवाज तोलून एकत्र बसवायचं नाजूक काम राहिलं होतं. अधू कानांनी तिच्या गाण्यांची वाट लावायची, की खरं सांगून स्टुडिओला कुलूप घालायचं? “ताई, कधी सुरू करायचं?” असं तिने विचारलं, की बाई म्हणायच्या, “थांब गं, मशीन दुरुस्तीला काढलंय.” अगदीच खोटं नव्हतं ते. शेवटी त्यांनी मनाशी ठरवलं, की कान तपासून घ्यायचे आणि निकाल वाईट आला तर त्याच दिवशी पोरीला सांगून टाकायचं.

दवाखान्यात नवरा सोबत आला. तपासणाऱ्या मुलीने बाईंना एका छोट्या, आवाज न शिरणाऱ्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. “काकू, आवाज आला की दाबायचं.” बाई डोळे मिटून बसल्या. बटण कधी दाबलं, कधी नाही.

बाहेर आल्यावर मुलीने कागद पुढे केला. त्यावरची रेघ घसरगुंडीसारखी खाली गेली होती. “बरंच कमी ऐकू येतंय, काकू. दोन्ही कानांनी.”

नवऱ्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी दिसू नये म्हणून बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांचं काम असं एका रेघेवरून खाली घरंगळलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं.

मुलगी पाठमोरी होऊन कपाटात फाइल ठेवत होती. तिथूनच ती हलक्या आवाजात म्हणाली, “काकू, पंखा कमी करू का?”

“कमी करून काय होणार? त्याचं बेअरिंग गेलंय. आल्यापासून कुरकुरतोय.”

मुलीने वर पाहिलं. मग बाईंकडे पाहिलं. “तुम्हाला ती कुरकुर ऐकू येते? मला तर येत नाही. काकू, आत तुम्ही बटण नेमकं कधी दाबत होता?”

“आवाज स्वच्छ आला की.”

“आणि बारीक आला तर?”

“तो सोडून देत होते. असलं काहीतरी इकडून तिकडून पाझरतंच. ते धरायचं नसतं.”

मुलगी कपाळाला हात लावून हसायला लागली. “अहो काकू, तेच तर धरायचं होतं! चला, पुन्हा बसा. आवाज बरा की वाईट ते तुम्ही ठरवायचं नाही. आला की दाबायचं.”

या वेळी बाईंचं बोट थांबेना. नवा कागद आला तेव्हा रेघ वरच्या वर, जवळजवळ सपाट. “या वयात असे कान मी पाहिले नाहीत,” मुलगी म्हणाली. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या खुर्चीत बसल्या आणि सगळ्यांदेखत रडल्या, मग रडता रडता हसल्या.

पण मग त्यांच्या लक्षात आलं. “तर मग मला यांचं बोलणं का ऐकू येत नाही?”

मुलगी नवऱ्याकडे वळली. “काका, काहीतरी बोला बरं.”

काकांचे ओठ हलले.

“काय म्हणालात?” मुलीने पुढे वाकून विचारलं. ओठ पुन्हा हलले. “मलाही नाही कळलं, काका.”

बाई बघतच राहिल्या. हा माणूस शाळेत भूगोल शिकवायचा, तेव्हा नद्यांची नावं शेजारच्या वर्गालाही पाठ व्हायची.

“अहो, असं काय बोलता?”

काकांनी घसा साफ केला आणि आवाज चढवला. “तुझं रेकॉर्डिंग चालू असलं तर? एकदा माझ्या हाकेमुळे कुणाचं तरी आख्खं गाणं परत घ्यावं लागलं होतं. तेव्हापासून हळूच बोलतो. आता सवयच झाली.”

“पण रेकॉर्डिंग चालू असलं की दारावर लाल दिवा लागतो ना!”

“स्वयंपाकघरातून कुठे दिसतो तो?”

केसभर हललेला सूर पकडणाऱ्या बाईंना घरातला एक आवाज वर्षानुवर्षं बारीक होत गेलेला कळला नव्हता. त्यांना फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त माया.

दवाखान्याच्या पायरीवरच त्यांनी गायिकेला फोन लावला. “उद्या ये गं, मशीन ठणठणीत आहे.” मग फोन पर्समध्ये टाकून त्या नवऱ्याकडे वळल्या. “आणि तुम्ही आजपासून घरात मोकळ्या आवाजात बोलायचं.”

“आणि मध्येच गाण्यात माझा आवाज आला तर?”

“आला तर आला,” बाई म्हणाल्या. “राहू दे.”