विहाराच्या ओट्यावर जेवलेल्या नर्सबाई

आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, विहाराच्या फरशीवर आडवा पडला होता. पांढरा सदरा घामानं भिजून अंगाला चिकटला होता, दात घट्ट बसले होते, आणि डोळे उघडे असून तो कोणाला ओळखत नव्हता. एकानं नाकाला कांदा लावला होता. दुसरा तांब्या घेऊन तोंडात पाणी ओतायला पाहत होता. बाया म्हणत होत्या, झटका आला, बाबा गेले. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि मलाही वाटलं होतं की गेला.

नर्सबाई उपकेंद्रातून आल्या त्या चपलेसकट आत शिरल्या. तांब्यावाल्याच्या हातावर त्यांनी चापट मारली आणि म्हणाल्या, "पानी ओतून मारता काय त्याले?" बुढ्याला कुशीवर वळवलं. बोट टोचून मशीन पाहिलं, त्यात आकडाही आला नाही, फक्त रक्तातली साखर कमी असल्याची अक्षरं आली. मग साखर ओली करून गालाच्या आतून, हिरडीला चोळत बसल्या. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तेच करत राहिल्या. बोलल्या त्या फक्त माझ्याशी. यानं आज काय खाल्लं, असं विचारलं.

मी सांगितलं, आज आषाढी पौर्णिमा, यानं अष्टशील घेतलं आहे, दुपारी बारानंतर काही नाही. त्यांनी विचारलं, आणि इन्सुलिनची सुई? मी बायांबरोबर विहारातच होते, मला माहीत नव्हतं. शेजारचा म्हणाला, बाबा मघाशी घरी जाऊन सुई टोचून आले. नर्सबाईंचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा चोळू लागल्या.

बुढा रेल्वेत गँगमन होता, मूर्तिजापूरच्या छोट्या लाइनवर. नियम सांगितला की तो पाळायचा, काहून म्हणून विचारायचं नाही, अशी त्याची सारी नोकरी गेली. भंतेजींनी सांगितलं, बारानंतर खायचं नाही. नर्सबाईंनी सांगितलं होतं, काहीही झालं तरी सुई चुकवायची नाही. त्यानं दोन्ही नियम पाळले आणि आडवा झाला.

नर्सबाई आमच्यातल्या नव्हत्या. दर्यापूरकडच्या, शेतकरी घरच्या. वय पन्नाशीच्या पुढं, आवाज भांडल्यासारखा. घरात आल्या की तोंडाकडं पाहायच्या नाहीत, आधी पायाकडं पाहायच्या. "पाय दाखवा," म्हणायच्या. बोटांच्या बेचक्यात बोट घालून पाहायच्या, तळव्याला काडी लावून विचारायच्या, लागते काय. म्हातारे लाजायचे. बाईमाणसानं पाय धरावे हे त्यांना अवघड वाटायचं. एकानं पाय मागं ओढला तर त्याला म्हणाल्या, "धरू देता का कापू देता?" त्यानं पाय पुढं केला.

सुई मात्र त्या कोणाला टोचून देत नसत. याचा गावात फार राग होता. सरकारी पगार घेते आणि सुई आम्हाला टोचायला लावते, असं लोक मागून बोलत. त्या तोंडावर सांगत की माझ्याकडं पाच गावं आहेत, मी काय जन्मभर तुमच्या दारात उभी राहणार आहे काय. बुढ्याला त्यांनी संत्र्यावर शिकवलं. आठवडाभर आमच्या घरातली संत्री टोचून टोचून नासली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू, मला सिरींजवरच्या रेघा दिसत नाहीत. मुलगा नांदगाव पेठेच्या कारखान्यात, महिन्यातून एखादा दिवस येतो. म्हणजे बुढ्यानं स्वतः शिकल्याशिवाय इलाज नव्हता. फ्रीज नाही तर औषध मातीच्या गाडग्यात ओल्या रेतीवर ठेवायचं हेही त्यांनीच दाखवलं.

थकलेली बाई होती. आमच्या ओट्यावर बसायच्या आणि डोळे उघडे ठेवून झोपायच्या. मी चहा पुढं केला तरी कळायचं नाही. घरोघर फिरून झालं की मोबाइलमध्ये सगळं भरत बसायचं. म्हणायच्या, "माय, येथी भरलं नाई तं मी आलीच नाई असं होते." कोणाचे पाय वाचवले ते मोबाइलात भरायला जागाच नव्हती म्हणे.

बुढा मूर्तिजापूरच्या दवाखान्यातून परत आला आणि त्यानं सुई सोडली. गाडगं उचलून मोरीत नेऊन ठेवलं. मला म्हणाला, त्या सुईनं मले मारलं असतं. आता पथ्य करीन, चिरायत्याचा कडू काढा पिईन, पण सुई नाही. मी खूप बोलले. मी बोलते तेव्हा तो ऐकत नाही, हे लग्न झाल्यापासूनचं आहे. थोड्याच दिवसांत तहान वाढली, रात्रभर उठ-बस सुरू झाली, आणि अंगठ्याला चपलेचं घासलेलं काही केल्या सुकेना. त्याला दुखत नव्हतं, म्हणून तो म्हणायचा काही झालं नाही. मला त्या अंगठ्याचा वास येऊ लागला होता. हा माणूस आता असाच जाणार, हे मला दिसत होतं.

नर्सबाई आल्या. मला वाटलं, आता याला झाडतील. त्या खाली बसल्या, अंगठा धुतला, पट्टी बांधली, आणि मग बोलल्या. बुढा भिंतीकडं तोंड करून होता.

"सुई घेतली, शील पाळलं," तो म्हणाला. "माह्यं काय चुकलं?"

"तुमचं काई चुकलं नाई, बाबा. माह्यं चुकलं. सुई चुकवू नका म्हनलं, पन पोटात अन्न हाय का नाई ते पाहाले सांगतलं नाई. इतकी वर्सं लोक सुई चुकवतात म्हनून मी वरडत राहिली. न चुकवनारा मानूस भेटन असं वाटलंच नोतं."

बुढ्यानं तोंड वळवलं. सरकारी माणूस माझं चुकलं म्हणतो, हे त्यानं नोकरीत कधी ऐकलं नव्हतं.

"मग आता काय?"

"आता नवा नियम. ताट समोर आल्याबिगर सुईले हात लावाचा नाई."

नियम म्हटल्यावर तो उठून बसला. गाडगं मोरीतून मीच आणलं.

पण पुढची पौर्णिमा आली आणि पुन्हा तेच. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, दर पौर्णिमेला बुढा अष्टशील घ्यायचा, नोकरीत होता तेव्हापासून. अकोल्याहून भंतेजी आले होते. नर्सबाईंनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं की आजारी माणसानं पाचच शीलं घ्यावी, वेळेवर जेवावं, औषध घ्यावं, त्यात काही उणं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. बुढ्यानंही हलवली. घरी येऊन मला म्हणाला, इतकी वर्षं आठ घेतली, आता पाच घेऊ काय? साऱ्यांसमोर बसून जेवू? त्यापेक्षा आज सुई घेत नाही आणि जेवतही नाही. एका दिवसानं काय होते.

हे मी नर्सबाईंना सांगितलं. संध्याकाळी, काम संपल्यावर, विहाराच्या ओट्यावर येऊन बसल्या. बुढा पांढऱ्या कपड्यांत तिथंच होता, चेहरा पडलेला. मी घरून ताट आणलं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी. ताट समोर आल्यावर नर्सबाईंनी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. त्यानं सुई घेतली. पण ताट हातानं सरकवून दिलं. अष्टशील घेतलेले लोक आत ओळीनं बसले होते, सगळे पाहत होते. एका बाईनं तर मान वळवून पाहिलं.

सुई पोटात गेली होती आणि ताट तसंच होतं.

नर्सबाई मला म्हणाल्या, "माय, मलेही वाढा. सकाळपासून काई खाल्लं नाई." मी उठायच्या आत त्यांनी बुढ्याचं ताट आपल्याकडं ओढलं, भाकर मोडली आणि जेवू लागल्या. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आमच्या ताटात. वरण सांडलं तर बोटानं पुसून खाल्लं. आमच्या घरचं पाणी बाहेरची बाई पिते तरी लोक बोलतात, असं गाव आहे. इथं ती बसून जेवत होती.

आतून कोणीतरी हसून म्हणालं, "काय नर्सबाई, तुमचं शील मोडलं काय?"

"मी घेतलंच कुठी? मले सरकारनं एकच शील देलं हाय, टारगेट."

ओळीतले लोक हसले. भंतेजीही हसले. नर्सबाईंनी अर्धी भाकर बुढ्यापुढं ठेवली आणि म्हणाल्या, बाबा, भाजीत मीठ कमी हाय, पाहा बरं. बुढ्यानं पाहिलं. मग जेवला. मीठ बरोबर होतं.

त्यानंतर नर्सबाईंनी कामाची पद्धत बदलली. घरात शिरल्या की पायाआधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहायच्या. कुणब्यांच्या आळीत चतुर्थी कोणाची, मोहल्ल्यात रोजे कधी लागतात, कोण नवरात्रात नऊ दिवस धरतं, हे विचारून घ्यायच्या आणि उपासाच्या आधीच जाऊन त्या लोकांना सुई-गोळीचं ठरवायला दवाखान्यातल्या डॉक्टरांकडं पाठवायच्या. गावातल्या बाया म्हणू लागल्या, नर्सबाईंना देवधर्माचं फारच वेड लागलं.

मग त्यांची बदली झाली, धारणीकडं. त्या वयात, जंगलातल्या गावांत, जीपनं फिरायचं. का झाली ते कोणी सांगितलं नाही. निरोपाचा कार्यक्रम नाही, शाल-नारळ नाही. त्या आल्या, बुढ्याचा अंगठा पाहिला, सुकला होता. मी रडेन असं त्यांना वाटलं असावं, मी रडले नाही. "फोन करू नका," म्हणाल्या. "तेथी रेंज नसते." आणि स्कूटी चालू करून गेल्या. पुढं रिटायर झाल्या असं ऐकलं. पुन्हा भेट नाही.

त्यांच्या जागी काही दिवस एक मुलगी कंत्राटावर होती, चांगली होती, तीही गेली. उपकेंद्राला बहुतेक दिवस कुलूपच असतं. औषध आणायला बुढा महिन्याला मूर्तिजापूरला जातो आणि बाकीचं आपलं आपण करतो. संध्याकाळी आरशाचा तुकडा खाली ठेवून स्वतःचे तळवे पाहतो. मला त्याचं ते पाहत बसणं आता कंटाळवाणं वाटतं.

आमच्या वस्तीत सुईवर तिघं होते. एकाचा पाय सडला आणि तो अकोल्याच्या दवाखान्यात वारला. एकीनं सुई सोडून झाडपाला धरला, ती घरीच गेली. बुढा आहे.