लीशेठचं अनेकवचन

उन्हाळ्यात सोलापुरात दुपारचं गिऱ्हाईक फिरकत नसे. त्यामुळे आमच्या कापडाच्या दुकानात ताग्यांपेक्षा किस्सेच जास्त साठत. त्यातले निम्मे लीशेठचे. हा चिनी रेशीमवाला सायकलला गठ्ठा बांधून गावभर फिरायचा आणि दुपारी आमच्या ओट्यावर टेकायचा. मराठी मोडकंतोडकं, पण बोलायची हौस दांडगी.

मी आणि माझा मित्र नरसप्पा त्याच्याकडं चिनी शिकू लागलो. नरसप्पा तेलुगू विणकर. 'माणूस' म्हणजे 'रन', हे पहिलं.

"आणि माणसं?"

"रन."

"पुष्कळ असली तर?"

"पुष्कळ रन."

नरसप्पाला पटेना. "आमच्या तेलुगूत शेवटी 'लु' लागतो. फुकट देतो, घ्या. रनलु."

"नको. ओझं वाढते. मी सायकलवाला."

*

एकदा शाळेतले मास्तर साड्या बघायला आले. लीशेठ आपला गठ्ठा सोडत म्हणाला, "तीन साडी आहे."

"साड्या म्हणावं."

"तीन म्हणालो की. तुम्ही ऐकलं नाही?"

मास्तरांनी एक साडी घेतली.

*

मग 'मन' आलं. 'वो' म्हणजे मी, 'वोमन' म्हणजे आम्ही. हे 'मन' माणसांनाच लागतं, जनावरांना नाही. मंगळवेढ्याकडचा तुकाप्पा धनगर घोंगडी विकायला आला होता, तो ऐकत बसलेला.

"म्हंजी शेळीला मन न्हाय?"

"नाही," लीशेठ म्हणाला.

"माजी बायकू गेली तवा शेळी चाऱ्याला तोंड लावंना. तिला मन न्हाय व्हय?"

मी लीशेठला मराठीतलं 'मन' समजावून सांगितलं.

"तिला लावा," तो म्हणाला.

*

पुढं जपाननं चीनवर चाल केल्याची बातमी पेपरात आली. लीशेठचा घरमालक घाबरला. परदेशी माणूस, उगाच चौकशी नको म्हणून त्यानं खोली सोडायला लावली. नरसप्पानं गठ्ठा खांद्यावर टाकला आणि त्याला आपल्या घरी नेलं. त्याच्या आईनं काही न विचारता आणखी एक ताट मांडलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार दुकानात हजर. राहायचा ठिकाणा नसेल, तर लीशेठला चौकीवर न्यायचा हुकूम होता.

"कुणाकडं राहतोस?" त्यानं विचारलं. लीशेठनं नरसप्पाकडं बोट दाखवलं.

"आपल्याकडं."

"यांच्याकडं म्हण. नाहीतर आमच्याकडं म्हण. 'आपल्याकडं' म्हटलं की त्यात मी पण येतो."

"चीनमध्ये पण असंच," लीशेठ म्हणाला. "वोमन म्हणजे आम्ही, त्यात तुम्ही नाही. त्सामन म्हणजे आपण, त्यात तुम्ही आहे."

त्यानं नरसप्पाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, मग हवालदाराकडं.

"आपल्याकडं."

हवालदारानं ओट्यावर बसून टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नरसप्पाला विचारलं, "आज जेवायला काय आहे?"