स्पेसर वेंडाम, सार

चाक काढलं की तो आधी हबावर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गोल भागावर, अंगठा फिरवायचा आणि गंजाची भुकटी लुंगीला पुसायचा. "चाक इथं बसायला पाहिजे, सार. बोल्टांवर टांगायला नव्हे."

तंजावरकडचा म्हातारा मराठी माणूस, आवडी नावाच्या उपनगरातल्या चाकांच्या दुकानात फिटर. मराठी जुन्या वळणाची, पण नकार नेहमी तमिळमध्ये: "वेंडाम!" तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याचं 'नको' गिऱ्हाइकाला उद्धट वाटतं.

मला गाडीची चाकं फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेपर्यंत बाहेर हवी होती. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा शौक. आता आठवलं तरी किळस येते. मी स्पेसर घेऊन गेलो, म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये घालायच्या चकत्या. त्यानं एक हबावर ठेवून हलवली. ती खुळखुळली. ताटात झुरळ निघावं तसा त्याचा चेहरा झाला.

"छी! हे काय आणलात? कमी ऑफसेटची, मुळातच बाहेर येणारी चाकंच घ्या. बेरिंगवर ताण त्यानंही येतो, खोटं सांगत नाही. पण चाक हबावर बसतं."

"ती यायला तीन आठवडे लागतील."

"थांबा की. चाकांना कुठं घाई आहे?"

"मी इंजिनिअर आहे."

"तरीच!" म्हणून तो हसला.

ते हसणं मला लागलं. त्याच चकत्या मी दुसरीकडे बसवून घेतल्या. बाराव्या दिवशी शोळिंगनल्लूरजवळ बोल्ट तुटले, चाक निखळलं, शेजारी बसलेल्या बायकोचं मनगट मोडलं.

"कुणी बसवलं होतं हे?" तिनं विचारलं.

त्यानं बजावलं होतं, हे सांगायची लाज वाटली. म्हणालो, "आवडीच्या म्हाताऱ्यानं."

प्लास्टरमधला हात घेऊन ती दुकानात गेली. मी मागे. मालक त्याच्यावर ओरडत होता. म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. मग तो तिलाच म्हणाला, "अय्यो अम्मा, फार दुखतंय का?"

त्याच दिवशी त्याला काढून टाकलं.

तीन महिन्यांनी मी बायकोला खरं सांगितलं. मी केलेला चहा तिनं मोरीत ओतला. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. मालकानं ऐकून घेतलं आणि खांदे उडवले. म्हातारा गावाकडे गेला होता. पत्ता कुणाकडेच नव्हता.

त्याच्या जागी भिंतीवर आता चकत्या ओळीनं टांगल्या आहेत. नव्या फिटरनं एक काढून विचारलं, "बसवू, सार? अर्ध्या तासात होईल."

मी मान हलवून नकार दिला. तोंडानं म्हाताऱ्याचं ते 'वेंडाम' म्हणवेना.