वहिनीच्या वर्गातला एसी

आमच्या वहिनीचा एक हट्ट आहे. योगाच्या वर्गातल्या कुणाकडून फीशिवाय काहीही घ्यायचं नाही. खायचं काही आणलं तर तिथल्या तिथे सगळ्यांत वाटायचं, आणि वस्तू आणली तर ती आल्या वाटेनं परत. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका परसातल्या काकड्या घेऊन आले, तर हिनं त्या चिरायला माझी कापडाची कात्री मागितली! मी शिंपीण बाई, कापडाच्या कात्रीनं काकडी? दिली नाही. मग सगळ्यांनी जिन्यात बसून काकड्या अख्ख्या चावल्या. बँकेतल्या एका पोरीनं मनगटी घड्याळ आणलं, तर वहिनी म्हणाली, "ते तूच घाल, आणि वेळेवर येत जा."

खाली माझं शिवणाचं दुकान, वर आमचं घर. घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत रोज सकाळी तिचा वर्ग. मी मशीनवर बसले की डोक्यावरून आवाज येतो, "श्वास घ्या... गुडघा वाकवू नका... काका, पोट आत, हसू नका." काटेकोर बाई आहे. पण कुणाचा खांदा सरळ करायचा असला तरी आधी विचारते, "हात लावू का?" हो म्हटलं तरच लावते.

मी तिला चिडवायचे. "वहिनी, फुकट ते पौष्टिक! घे की एखादी साडी, तुला नको तर मला दे."

"वन्सं, घेतलं की मिंधं व्हावं लागतं," ती म्हणायची. "आणि मिंध्या माणसाला समोरच्याची चूक दाखवता येत नाही."

एवढ्याशा वस्तूनं काय होतंय, असं मला वाटायचं. नाकानं कांदे सोलते झालं!

मग आल्या मालकीणबाई. साबणाच्या कारखान्याच्या मालकीण. जिन्यात आधी सुगंध यायचा, मग आवाज, मग बाई. मनानं उदार, आणि हुकूम सोडायची सवय हाडीमाशी खिळलेली. त्यांना साठाव्या वाढदिवसाला शीर्षासन करायचं होतं. खाली डोकं, वर पाय, असा फोटो काढून कारखान्याच्या दारात लावायचा होता. आणि बाईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू, सकाळ-संध्याकाळ! वहिनीनं पहिल्याच दिवशी सांगितलं, नाही. तरी दर आठवड्याला बाई विचारायच्या, "मॅडम, आज करायचं का?" आणि वहिनी हसून म्हणायची, "नाही."

उन्हाळ्यात वहिनी दोन दिवस तिच्या बहिणीकडे गेली. इकडे दोन माणसं ड्रिल घेऊन आली आणि वर्गाच्या खोलीत एसी लावून गेली. मी दुपारी वर गेले तर आई त्याच्याखाली खुर्ची टाकून बसलेली.

"आई, हे काय?"

"मालकीणबाईंनी पाठवलाय. मी काय करणार? माणसं घामाघूम झाली होती. त्यांना पाणी दिलं."

"आणि भिंतीला भोक?"

"ते त्यांनीच पाडलं."

काय बोलणार, कपाळ? आमच्या आईला जन्मात कुणाला नाही म्हणता आलेलं नाही. दारावर येणाऱ्या प्रत्येक फेरीवाल्याला हे ठाऊक आहे.

वहिनी परतली, तिनं एसी पाहिला. त्याच दिवशी परत पाठवणार होती. पण आई फुरंगटून बसली, दादा म्हणाला, "अगं, उकडतंय किती!" आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमनकाका त्या वाऱ्याखाली पडून म्हणाले, "मॅडम, आज पहिल्यांदा शवासन जमलं." वहिनीनं एसी राहू दिला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही.

त्यानंतरची गंमत ऐका. एसीचा रिमोट मालकीणबाईंच्या पर्समध्ये! त्या येईपर्यंत एसी बंद, आणि त्या येणार उशिरा. वर्ग आपला त्यांची वाट बघत बसलेला. आल्या की एसीसमोरची जागा त्यांची, आणि गारठा त्यांच्या मर्जीचा. पोस्टमनकाका भर उन्हाळ्यात मफलर बांधून आसनं करायला लागले. वर एसी सुरू झाला की वीज कमी पडून खाली माझी मशीन रडत चालायची. एकदा तर फ्यूज उडाला आणि मी अंधारात उभी राहून कुणाकुणाचा उद्धार केला ते इथं सांगत नाही.

असेच दिवस चालले होते. एकदा मी उशांचे नवे अभ्रे द्यायला वर गेले, तेव्हा मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मॅडम, रविवारी माझा वाढदिवस. फोटोवाल्याला सांगितलंय. शीर्षासन पक्कं."

आणि आमची वहिनी म्हणाली, "बघू."

बघू! मला तर तिथंच घाम फुटला. दर आठवड्याला तोंडावर नाही म्हणणारी बाई, आणि बघू?

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. ताट वाढून घेतलेलं, पण घास उचललेला नाही.

"वन्सं, तोंडातून नाही निघेचना," ती म्हणाली. "मान लचकली तर? डोक्यात रक्त चढून काही झालं तर? सगळं कळतंय मला. पण वर एसीकडे नजर गेली आणि जीभच अडकली. अशानं मी कसली शिकवणारी?" आणि रडायला लागली.

मला असा संताप आला म्हणून सांगू! तिचा नाही, त्या डब्याचा. तिच्याइतकी बेडर बाई मी पाहिलेली नाही, आणि एका गार वाऱ्यानं तिचं हे करून टाकलं?

"मग काढ तो डबा!" मी ओरडले. "हात दगडाखाली सापडलाय तर दगड उचल, हात काय कुरवाळत बसलीस?"

शनिवारी दुपारी मिस्त्री बोलावला. आई म्हणाली, "आता भोकाचं काय?" मी म्हटलं, "त्यातून तू रस्ता बघत बस."

रविवारी मालकीणबाई नवा कोरा पोशाख घालून आल्या, मागे फोटोवाला. खोलीत सगळे चटया टाकून बसलेले, आणि दाराशी एसी, बांधून ठेवलेला. मी दुकान बंद ठेवून वर उभी होते. असला प्रसंग कोण सोडतो?

"हे काय?" बाई म्हणाल्या.

"हा घरी न्या," वहिनी म्हणाली. तिनं एसी पायानं पुढे सरकवला. "आणि शीर्षासन नाही. आज नाही, उद्या नाही, गोळ्या आहेत तोवर कधीच नाही."

"अहो, मी प्रेमानं दिला होता!"

"माहितीये मला. म्हणून तर तुम्हाला नाही म्हणता येईना. मी बघू म्हणाले, ते चुकलं माझं. तुम्हाला काही झालं असतं म्हणजे?"

"मग मी दुसरा वर्ग बघते."

"बघा. पण तिथंही डोक्यावर उभं राहू नका. एवढं माझं ऐका."

फोटोवाला छताकडे बघायला लागला. बाई तरातरा वळल्या आणि जिना उतरायला लागल्या. वहिनी जागची हलली नाही. चेहरा पांढराफटक. गेल्या, असं मी मनाशी म्हणतेय तोवर पावलं थांबली आणि हळूहळू परत वर आली.

बाई दारात उभ्या राहिल्या. मघाचा रुबाब कुठल्या कुठे गेला होता. "कारखान्यात एकाची छाती नाही मला नाही म्हणायची," त्या म्हणाल्या. "मुलगासुद्धा हो-हो करतो." मग पर्स खाली ठेवून, "मला काय जमेल मग?"

"भिंतीपाशी उताणं पडायचं. पाय सरळ वर, भिंतीला टेकवून. डोकं जमिनीवरच."

"एवढंच?"

"एवढंच. पण नीट."

बाई नव्या पोशाखानिशी भिंतीपाशी पडल्या. "हात लावू का?" विचारून वहिनीनं त्यांच्या मानेखाली घडी केलेली चादर सरकवली. पोस्टमनकाकांनीही शेजारी पडून पाय वर केले, मग बँकेतल्या पोरीनं, मग सगळ्यांनीच. भिंतभर पायच पाय! खोलीत उकडत होतं, पण कुणी पाय खाली घेतले नाहीत.

"आमचे हे रोज ओरडायचे माझ्यावर," मालकीणबाई डोळे मिटून म्हणाल्या. "गोळी घेतली का, मीठ कमी खा, जिना सावकाश चढ. ते गेल्यापासून कुणी ओरडलंच नाही हो मला."

वहिनीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बोलू नका," ती म्हणाली. "श्वास सोडा."