खोडवा दुसऱ्या नंबरवर

नगर जिल्ह्यात डोळे मिटून दगड भिरकावला तर तो साखर कारखान्याच्या चिमणीलाच लागतो. त्यातल्या कुठल्या चिमणीखाली मी पगार खाल्ला ते विचारू नका. संख्याशास्त्राची पदवी घेऊन मी तिथं कंत्राटावर चिकटलो आणि ऊसतोडीची यादी लावणारा प्रोग्राम लिहिला. त्याआधी ती यादी तीन कारकून आठ दिवस करायचे आणि नवव्या दिवशी एकमेकांशी बोलणं सोडायचे. माझा प्रोग्राम ती चहा निवायच्या आत काढायचा. चहा कारखान्याचा, म्हणजे आधीच निवलेला; तरीही.

यादीचा नियम आमच्याकडं बुजगावण्यालाही पाठ असतो: ज्याची लागण आधी, त्याची तोड आधी. पावसाळ्यात लावलेला आडसाली पहिला. मग दिवाळीच्या पुढंमागं लावलेला पूर्वहंगामी. मग थंडी सरताना लावलेला सुरू. आणि सगळ्यांच्या शेवटी खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला.

हंगाम सुरू झाला, आडसाली तुटू लागला. सगळं बिनचूक. शेतकी अधिकाऱ्यांनी मला शाल-नारळ दिला. आमच्या वडलांनी, त्यांना आम्ही दादा म्हणतो, ही बातमी आठवडी बाजारात इतक्या वेळा सांगितली की भाजीवाल्या त्यांना बघूनच म्हणायच्या, "व्हय, व्हय, शाल मिळाली."

दादांचा दोन एकर पूर्वहंगामी होता. असा माजला होता की वरच्या पानांना पुणं दिसायचं. हे मी म्हणतो, दादा सरळ माणूस, ते म्हणायचे, "पुनं न्हाई. शिरूरपातुर दिसतं."

आडसाली संपला आणि नगरला सावेडीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर मला दादांचा फोन आला.

"आरं, बांधापलीकडचा खोडवा तुटून चालला. आपला ऊस उभाच हाय. टोळीचा मुकादम म्हनतो, यादीत तसंच हाय."

"दादा, कॉम्प्युटर चुकत न्हाई."

"तूच केलाय न्हवं? मग न्हाई चुकायचा."

फोन ठेवला आणि मी प्रोग्राम उघडून ओळीओळीनं वाचला. प्रोग्रामला उसातलं काय कळतं? त्याला उसाचे प्रकार म्हणजे नुसते शब्द. त्यांचा क्रम आपण होऊन सांगितला नाही, तर तो शाळेच्या हजेरीसारखा अक्षरानं लावतो. आ, ख, प, स. आडसाली दोन्ही रीतींत पहिला, म्हणून महिनाभर चूक कुणाच्या बापाला दिसली नाही; दिसली ती माझ्याच बापाला. खोडवा शेवटून उठून दुसऱ्या नंबरवर बसला होता. क्रम सांगायला एक ओळ पुरते. ती मी लिहिलीच नव्हती.

सकाळी ती ओळ घालून नवी यादी घेऊन मी अधिकाऱ्यांपुढं उभा राहिलो.

"साहेब, चूक माझी. खोडवा पुढं गेलाय."

"कुणाकुणाचा गेलाय, ते बघितलंत का?"

बघितलं. त्यात संचालकांचे इतके साडू निघाले की त्यांच्या सासऱ्याला किमान चाळीस मुली असाव्यात.

"नोटीस बोर्डावरची यादी बदलली तर कारखाना चुकला," साहेब म्हणाले. "नाही बदलली तर तो कॉम्प्युटरचा निर्णय. तुमचं कंत्राट मार्चअखेर संपतंय ना?"

माझ्या तोंडाला चार तालुक्यांत कुणी लागत नाही. तो मी गुमान परत आलो आणि ओळ पुसली.

दोन दिवसांनी दादा कारखान्यावर आले. सोबत वीसेक शेतकरी. खिडकीची काच थरथरेल असा आरडाओरडा. कारकून म्हणाला, "यादी कॉम्प्युटरची हाय. भांडायचं तर त्याच्याशी भांडा!" दादा मात्र ओरडले नाहीत. त्यांनी बोर्ड वरून खालपर्यंत वाचला, मग माझ्याजवळ आले.

"तुझ्या हातात काय हाय का न्हाई, तेवढं सांग."

"न्हाई, दादा."

जन्मभर मी हजार थापा मारल्या. एकेकीला हत्तीएवढी सोंड लावली. ही एकच कोरडी मारली, आणि तीच पचली.

आमचा ऊस एप्रिल सरता सरता तुटला. तुरा येऊन कधीच पोकळ झाला होता, बुडं उंदरांनी पोखरली होती. टोळीतल्या एका बाईनं मोळी एका हातानं डोक्यावर टाकली आणि हसली, "मामा, ऊस हाय का कडबा?" दादाही हसले. ते हसू मला अजून दिसतं.

पुढच्या हंगामाआधी साहेबांनी बोलावलं. "ती क्रमाची ओळ असते ना, ती आता घाला. क्रम मात्र गेल्या वर्षीचाच. कुणी विचारलं तर नीट लिहिलेला दाखवता आला पाहिजे."

मी लिहिली. आडसाली, खोडवा, पूर्वहंगामी, सुरू. माझ्या हातानं, एकही चूक न करता. कंत्राट पुन्हा मिळालं.

दिवाळीनंतर गावी गेलो तर उसाच्या रानात वाफे पडलेले. बुडखे उपटून दादांनी कांद्याची लागण काढली होती; आई वाफ्यात रोपं लावत होती.

"ऊस सोडला?" मी विचारलं.

"यंदाची यादीबी वाचून आलो. कांद्याला यादी नसती."

मी पँट वर दुमडून वाफ्यात उतरलो आणि रोपांच्या जुडीसाठी हात पुढं केला. दादांनी जुडी आईकडं दिली.