सुतारपक्ष्याच्या मागे

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. फॉरेस्ट खात्यात कारकुनी करणाऱ्याला जंगलात मुक्काम करावेच लागतात. मी कित्येक केले, कधी काही दिसलं नाही. आणि हे जे घडलं ते तर सकाळच्या लख्ख उन्हात घडलं...

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. माझे साडू वामनराव वरवट बकालच्या शाळेत मास्तर होते. त्यांना पक्ष्यांचा भारी नाद. मानेवर पांढरा पट्टा असलेला मोठा सुतारपक्षी सातपुड्यात आहे, असं त्यांनी ऐकलं होतं. दोन हिवाळे शोधूनही तो त्यांना दिसला नव्हता. माघात मी रजा काढली, बैलांची हलकी दमणी जुंपली आणि आम्ही दोघं पायथ्याच्या फॉरेस्ट नाक्यावर जाऊन राहिलो.

सकाळी आठच्या सुमाराला सागाच्या रानात ठोके ऐकू आले — आधी सावकाश, मग एकदम भरभर. मास्तर म्हणाले, दोघांनी दोन बाजूंनी जाऊ, म्हणजे पक्षी खोडाआड लपला तरी एकाला दिसेल. ते डावीकडे गेले, मी उजवीकडे.

थोड्या वेळानं ते मला पुढे दिसले. तोच तपकिरी कोट, तीच काळी टोपी, हात पाठीशी बांधलेले. ठोके थांबले की ते थांबत, सुरू झाले की चालू लागत. हाक मारली तर पक्षी उडेल, म्हणून मी गुपचूप मागे चाललो. अर्धा तास तरी गेला असेल. खाली सगळा वाळलेला पाला, पण चुरचुर वाजत होती ती फक्त माझ्या पायांखाली... हे मला फार उशिरा जाणवलं.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा दंड धरला. वामनराव! घामानं निथळत होते.

"कुठी जाऊन राह्यले तुमी? केव्हाचा हाका मारून राह्यलो मी."

मी पुढे पाहिलं. कोणी नव्हतं. चार पावलांवर जमीनच संपली होती. खाली खोल दरी, नुसता काळा खडक, एक झाड नाही. आणि ठोके तिथूनच येत होते.

काय झालं, असं मास्तरांनी दोनदा विचारलं. वाट चुकलो, एवढंच मी सांगितलं. ते हसतील, शाळेत गंमत म्हणून सांगतील, याची लाज वाटली. बस, एवढ्याचसाठी मी खोटं बोललो.

पंधरा दिवसांनी ते मला न कळवता एकटेच गेले. तिसऱ्या दिवशी नाकेदाराला त्याच दरीत त्यांचं प्रेत सापडलं. कोटाच्या खिशात वही होती. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं — 'ठोके सुरू झाले. केशवराव माझ्याआधीच आलेले दिसतात. पुढे चालले आहेत. हाक मारत नाही, पक्षी उडेल.'

केशवराव म्हणजे मी. त्या दिवशी मी ऑफिसात होतो, साहेबांसमोर बसून लाकडाचे परवाने लिहीत होतो. फौजदारानं हजेरीबुकातली सही पाहिली आणि मला सोडून दिलं.

पण ते पान कोणीतरी मास्तरांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, वाचून दाखवलं होतं. तेराव्याला तिनं मला हळूच विचारलं, "भाऊजी, तुमी तं तिथंच होते... मंग त्यायले आवरलं काऊन नाही?"

त्यानंतर ती माझ्याशी कधीच बोलली नाही. मी तिथे नव्हतो, हे मी शपथेवर सांगू शकतो. मग तिथे कोण होतं, हे मला आजही सांगता येत नाही.