साडूंच्या चित्रातली पैठणी

शेवगाव तालुक्यात कामावरच्या बायकांकडे इतकी वर्षं टक लावून बघूनही मार न खाल्लेला पुरुष एकच, तो म्हणजे आमचे साडू. निवृत्त ड्रॉइंग मास्तर. कपाशीच्या रानात स्टूल टाकून ते वेचणीच्या बायकांची चित्रं काढतात. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल, कमरेला कापसानं फुगलेली ओटी. बायका पुढं सरकल्या की स्टूलही सरकतं. "मास्तर, नुसतं बसण्यापरीस एक पात धरा की!" एकदा त्यांनी धरली. मागच्या बाईला ती सगळी ओळ पुन्हा वेचावी लागली.

नियम एकच. समोर नाही ते काढायचं नाही. शर्टाचं बटण तुटलेलं असेल तर चित्रातही तुटलेलंच. एका बाईनं गळ्यात डोरलं काढायला सांगितलं, तर साडू म्हणाले, "आहे कुठं?" दुसऱ्या दिवशी ती जावेचं डोरलं घालून रानात आली. मग काढलं.

या नियमाचा खरा जाच झाला तो त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या मोठ्या मेहुणीला. तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. बहुतेक चित्रांत अक्का आहे, पण शर्टात आणि पाठमोरी, कारण कामात ती मागं वळून बघतच नाही. तिला पैठणी नेसलेलं, तोंड दिसेल असं एक चित्र हवं होतं.

"पैठणी नेसून कापूस कोण वेचतं?" साडू विचारायचे.

"ऱ्हाऊ द्या. मेल्यावर फोटूच लावा."

यंदा अक्काचे गुडघे गेले. डॉक्टरांनी रानात जायला मनाई केली आणि साडूंचं स्टूलही ओसरीवरच राहिलं. संक्रांतीला आम्ही गेलो, तेव्हा अक्का पैठणी नेसून खुर्चीत बसली होती. मांडीवर सूप, सुपात तुरीच्या शेंगा.

"घ्या, काम चालू हाय. काढा आता."

साडूंनी स्टूल तिच्यासमोर ओढलं. मग म्हणाले, "शेंगा सरल्या की थांबणार मी."

"बघू की."

दुपार कलली. शेंगा केव्हाच संपल्या होत्या. अक्का टरफलंच उचलून पुन्हा सोलत होती, मान ताठ, नजर समोर. साडूंनी सुपाकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मी मागं उभा होतो. कॅनव्हासवरच्या सुपात भरलेल्या हिरव्या शेंगांचा ढीग होता.

"सरल्या का गं?"

"न्हाई. लई हायेत अजून."

साडूंनी ब्रशावर आणखी हिरवा रंग घेतला.